दोन तारा आणि मिठाचा खड्डा

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये मागच्या अंगणात हॉट टब असलेली घरं काही कमी नाहीत, पण टब बसवण्यासाठी मिठाची गोणी विकत आणणारं घर बहुधा एकच असेल. दुकानात जगन्नाथरावांनी आधी जाड्या मिठाची वीस किलोची गोणी ट्रॉलीत टाकली, मग बार्बेक्यूच्या कोळशाच्या दोन पिशव्या टाकल्या. त्यांचा जावई अनुप ट्रॉली ढकलत होता. सासरेबुवा शनिवारी कणसं भाजणार असा त्याने अंदाज बांधला आणि आपणहून लिंबंही घेतली. बिचारा बँकेत सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, त्याला अर्थिंगचा खड्डा कुठून माहीत असणार.

जगन्नाथरावांना मात्र दुसरं काही माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी यवतमाळ जिल्ह्यात वीज खात्यात लाइनमन म्हणून काढली होती. घराला वीज द्यायची म्हणजे खांबावरून दोन तारा आणायच्या आणि तिसरी, जिवाची राखण करणारी, जमिनीतून घ्यायची. त्यासाठी पुरुषभर खड्डा खणायचा, रॉड ठोकायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे, वरून पाणी ओतायचं. करंट फुटला तर तो माणसाला सोडून जमिनीत जातो, हे त्यांनी शेकडो घरांना समजावलं होतं. स्वतःच्या घराच्या खड्ड्याला तर ते दर उन्हाळ्यात, तुळशीला घालावं तितक्या नेमाने पाणी घालत.

टब आला होता लतिकाबाईंसाठी. त्यांचे दोन्ही गुडघे गेली चार वर्षं कुरकुरत होते आणि या खेपेला मुलीकडे सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा तर जिना चढताना प्रत्येक पायरीशी त्यांचा तह व्हायचा. डॉक्टरांनी कोमट पाण्यात रोज बसा म्हणून सांगितलं. ज्ञानदा, त्यांची मुलगी, गॅसच्या पाइपलाइनी आखणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होती. विचार कमी आणि ऑर्डर जास्त असा तिचा स्वभाव. दहा दिवसांत टब दारात. इलेक्ट्रिशियन मात्र महिनाभर मोकळा नव्हता. मग तिने घरमालक म्हणून स्वतःच्या नावाने सिटीचं परमिट काढलं, कारण स्वतःच्या घरात स्वतः काम करायची तिथे मुभा होती, फक्त शेवटी सिटीचा इन्स्पेक्टर येऊन पाहणार. आणि घरात जगन्नाथराव असताना शिकवायला दुसरा माणूस शोधायचं कारण नव्हतं.

तीन वीकेंड बापलेक राबले. कॉलेजात असताना तिने बापाची पक्कड कधी हातात घेतली नव्हती, ती आता घेतली. पाइप कसा वाकवायचा, तार कशी सोलायची, स्क्रू किती आवळायचा म्हणजे तार सैलही राहणार नाही आणि चेपणारही नाही, हे ते सांगत गेले आणि ती करत गेली. सिटीची पुस्तिका ती मोठ्याने वाचून दाखवायची. वीज बंद करायची पेटी पाण्यापासून पाच फुटांपेक्षा लांब हवी म्हटल्यावर त्यांनी आठ फुटांवर लावली. टबाजवळचे लोखंडी भाग तांब्याच्या जाड तारेने एकमेकांना जोडा म्हटल्यावर त्यांनी कठड्यापासून पायरीपर्यंत सगळे जोडून टाकले. या देशातल्या लोकांना विजेची भीती आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं. विजेला न भिणारी फार माणसं त्यांनी पाहिली होती आणि त्यातली दोनचार स्मशानात पोचवलीही होती.

एका ठिकाणी मात्र पुस्तिकेचं आणि त्यांचं जमलं नाही. अर्थिंगची हिरवी तार घरातल्या मुख्य पॅनलपर्यंत न्यायची असं तिथे लिहिलं होतं.

"पॅनलपर्यंत नेऊन काय करायचं?" ते म्हणाले. "जमीन इथेच आहे की."

ज्ञानदा दोन मिनिटं पुस्तिकेकडे पाहत राहिली. पण समोर कोण होतं? लहानपणी अख्ख्या गावाची वीज गेली की लोक ज्याच्या नावाने हाका मारायचे तो माणूस. तिने पान उलटलं.

तसं पाहिलं तर टबाला दोनच तारा लागत होत्या. जगन्नाथरावांनी पॅनलपासून दोनच आणल्या. पेटीतला ब्रेकर खास होता. करंट जरा कुठे गळायला लागला की पापणी लवायच्या आत लाइन तोडणारा. त्याच्या पाठीमागे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पांढरी तार लोंबत होती. आपल्याला पॅनलपासून तिसरी तार आणायचीच नाही तर हिचं काय काम, म्हणून त्यांनी तिच्या टोकाला टेप गुंडाळून ती नीट कोपऱ्यात बसवली. आणि मग कुंपणाजवळ खड्डा. टेक्सासची ती चिकट काळी माती फावड्याला सोडेना, तरी सदुसष्ट वर्षांच्या माणसाने अनुपला बाजूला सारून कमरेइतकं खणलं. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. अनुप लिंबं घेऊन परत आत गेला.

काम संपलं तो गुरुवार. टब पाण्याने भरला. इन्स्पेक्टर मंगळवारी येणार होता. आणि जगन्नाथरावांनी गॅरेजमधल्या पॅनलमधला टबाचा ब्रेकर खाली पाडून त्यावर पुठ्ठ्याची पाटी लटकवली, मराठीतच, ठसठशीत अक्षरात: माणूस काम करत आहे.

काम तर झालं, मग माणूस कुठला, असं अनुपने हळूच विचारलं. जगन्नाथराव म्हणाले, ज्याने जोडलं त्याने चालू करायचं नसतं. दुसऱ्याने पाहायचं, कागदावर सही करायची, तो कागद हातात पडला की मगच लाइन चार्ज. याला लाइन क्लिअर म्हणतात. अनुपने मान डोलावली. सासऱ्यांच्या बऱ्याच गोष्टींना तो मान डोलवायचा.

शनिवारी ह्यूस्टनला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. नागपूर, अमरावती, औरंगाबादकडची ऐंशी-नव्वद माणसं एका शाळेच्या हॉलमध्ये जमली होती. मागे खुर्च्या होत्या, पण लतिकाबाई पहिल्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसल्या. वंदना काय खुर्चीत बसून म्हणायची असते का, असं त्यांचं म्हणणं. दोन तास मांडी घालून बसल्या, आणि उठताना ज्ञानदाने एका बाजूने आणि अनुपने दुसऱ्या बाजूने धरलं तेव्हा कुठे उभ्या राहिल्या. रविवारी सकाळी दोन्ही गुडघे सुजून टम्म. संध्याकाळपर्यंत त्या कोचावरून उठल्या नाहीत, आणि कण्हायचं नाही असं ठरवलेलं असल्यामुळे नुसत्या भिंतीकडे पाहत राहिल्या.

जगन्नाथरावांना ते बघवेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई कधी दुखतं म्हणाली नव्हती आणि दुखत नव्हतं असा काळ फार थोडा होता. खांबावरून उतरणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत तिने उमेदीची वर्षं घालवली होती. आता तिच्यासाठी गरम पाणी पंधरा पावलांवर होतं, आणि मध्ये होता एक ब्रेकर.

"अहो," लतिकाबाई म्हणाल्या, "मंगळवारी तो माणूस काय वेगळं बघणार आहे? तुम्ही जोडलंय ना? मग मला बास आहे."

ज्ञानदाही म्हणाली, "बाबा, आजच चालू करू या ना. यार, इन्स्पेक्शन म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असते. मंगळवारी परत ऑफ करू."

जगन्नाथराव उठून गॅरेजमध्ये गेले, पॅनल उघडलं, पाटी बाजूला केली. अंगठा ब्रेकरवर ठेवला. एक खट् आणि दोन तासांत पाणी तापलं असतं. काम चोख होतं याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. शंका असती तर प्रश्नच नव्हता. खरी पंचाईत शंका नसल्याचीच होती. अंगठा तसाच ठेवून ते किती वेळ उभे राहिले कोण जाणे. आणि मग त्यांना सुभाषभाऊ दिसले.

सुभाषभाऊ म्हणजे दारव्ह्याजवळच्या सबस्टेशनचे ऑपरेटर. अडतीस वर्षांपूर्वी भर मे महिन्यात जगन्नाथराव अकरा हजार व्होल्टच्या खांबावर फुटलेला इन्सुलेटर बदलत होते. लाइन बंद केल्याची पावती, खात्याच्या भाषेत परमिट, घेऊन ते चढले होते; उतरून ती परत केल्याशिवाय लाइन चालू व्हायची नाही. तिकडे एका बड्या असामीच्या घरी लग्न, मांडवात अंधार. कोणीतरी सबस्टेशनला फोन केला की तुमचा माणूस खाली उतरला, करा चालू. सुभाषभाऊ म्हणाले, पावती आली नाही. मग जीप आली, चार माणसं आली, कॉलर धरली गेली. पावती आली नाही. तासभर शिव्या खात तो माणूस स्विचसमोर खुर्ची टाकून बसून राहिला. जगन्नाथराव त्या वेळी अजून वरच होते, दोन्ही हातांनी तार धरून. उतरल्यावर त्यांना सगळं कळलं. कॅन्टीनमध्ये त्यांनी सुभाषभाऊंना चहा पाजला. गोष्ट इतकी मोठी होती की बोलायचं काय ते सुचलं नाही, आणि पुढे बोलायचं राहूनच गेलं.

जगन्नाथरावांनी अंगठा काढला आणि पाटी परत लटकवली. आत येऊन त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, टॉवेल बुडवून पिळले आणि लतिकाबाईंच्या गुडघ्यांवर ठेवत बसले. गार झाले की पुन्हा. जेवणाची वेळ झाली तरी हे चालूच.

"एवढा जीव आहे तर बटण का नाही दाबत?" लतिकाबाईंनी विचारलं.

"म्हणूनच नाही दाबत," ते म्हणाले. लतिकाबाईंनी डोळे मिटून घेतले. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

मंगळवारी इन्स्पेक्टर आला. ऑर्टिझ त्याचं नाव, साठीला टेकलेला, गळ्यात चष्मा, शर्टाच्या खिशात चार पेनं. फार बोलणारा नव्हता. पाइपाची वळणं पाहिली आणि बोटाने थोपटली. पेटीचं अंतर मोजलं, तांब्याची तार टोकापासून टोकापर्यंत चाचपली. हे कोणी केलं म्हणून विचारलं. ज्ञानदाने, मी केलं, पण शिकवलं यांनी, असं सांगून बापाकडे बोट दाखवलं. सुरेख काम आहे, तो म्हणाला. जगन्नाथरावांची छाती जरा फुगली.

मग त्याने पेटीचं झाकण काढलं आणि टेप गुंडाळलेली ती पांढरी तार पाहून तो थांबला. हिरव्या तारेचा माग काढत कुंपणापर्यंत गेला. खड्ड्यापाशी उकिडवा बसून त्याने मीठ बोटावर घेऊन पाहिलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. त्याने सगळ्यांना टबापासून लांब उभं केलं आणि ज्ञानदाला गॅरेजमधला ब्रेकर चढवायला सांगितलं. पेटीतल्या खास ब्रेकरला टेस्टचं बटण होतं. ते दाबलं की तो पडायलाच हवा. ऑर्टिझने दाबलं. ब्रेकर जागचा हलला नाही. पुन्हा दाबलं, जोरात. नाही.

वीज बंद करून त्याने ती पांढरी तार सोडवून दाखवली. ब्रेकरला स्वतःला जागं राहायला हीच तार लागते, ज्ञानदा तर्जुमा करत गेली. ही जोडली नाही तर तो फक्त दिसायला ब्रेकर. जगन्नाथराव म्हणाले की ठीक आहे, चूक झाली, पण खाली अर्थिंग तर पक्कं आहे. ते इतके ठाम होते की ऑर्टिझने वाद न घालता मीटर काढला. एक टोक खड्ड्यातल्या रॉडला, दुसरं लांब तारेने मुख्य पॅनलच्या ग्राउंडला. आकडा त्याने स्वतः वाचला नाही. मीटर जगन्नाथरावांच्या हातात दिला.

चाळीस ओहम.

पुढचं कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला. एकशेवीस व्होल्ट, भागिले चाळीस, तीन अँपिअर. टबात तार फुटली असती तर त्या खड्ड्यातून कसेबसे तीन अँपिअर गेले असते, आणि पॅनलमधला ब्रेकर होता पन्नासचा. तीन अँपिअरची त्याला खबरही लागली नसती. तो वर निवांत बसला असता, पेटीतला दुसरा झोपलेला, आणि कठडा, पायरी, पाणी सगळं विजेने जिवंत. करंटने पॅनलपर्यंत तारेनेच परत यायला हवं होतं, म्हणजे शेकडो अँपिअर धावले असते आणि ब्रेकर क्षणात पडला असता. माती तेवढं वाहू शकत नाही. मीठ घाला नाहीतर साखर घाला.

त्यांना रविवारची संध्याकाळ आठवली. अंगठा आठवला. टब ठणठणीत होता, तार फुटलेली नव्हती. कदाचित त्या दिवशी काहीच झालं नसतं. पण लतिका रोज बसणार होती, या खेपेला आणि पुढच्या प्रत्येक खेपेला, आणि ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशी तिला धरायला जो धावला असता तोही गेला असता. ते तिथेच टबाच्या पायरीवर बसले, मीटर हातात धरून.

ऑर्टिझने काम नापास केल्याचा लाल कागद लिहायला घेतला. लिहितालिहिता त्याने विचारलं की हे तुम्ही आधी चालू कसं नाही केलं. बहुतेक लोक आधी टबात बसतात आणि मग त्याला बोलावतात. ज्ञानदा तर्जुमा करायच्या आधीच जगन्नाथरावांना प्रश्न समजला होता.

"परमिट नॉट रिटर्न," ते म्हणाले. मग खिडकीत उभ्या असलेल्या लतिकाबाईंकडे बोट केलं. "थँक यू, सर. माय वाइफ." ऑर्टिझने लिहायचं थांबवून त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

तो गेल्यावर ज्ञानदा बापाशेजारी पायरीवर येऊन बसली. पुस्तिकेत लिहिलेलं होतं, मी वाचलं होतं, मी बोलायला हवं होतं, असं ती म्हणाली. ते म्हणाले, तू बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं. हे अगदी खरं होतं आणि दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे दोघांना जरा हलकं वाटलं.

बुधवारी तिने सुट्टी घेतली. आता पुस्तिका वाचायची तिने आणि हो म्हणायचं त्यांनी, असं ठरलं. चार तारा ओढल्या, पॅनलपासून टबापर्यंत, पांढरी आणि हिरवी धरून. स्प्रिंगवाली तार तिच्या जागी गेली. खड्डा जगन्नाथरावांनी स्वतः उकरला. मीठ मिसळलेली माती पोत्यात भरताना त्यांना वाईट वाटलं, पण रडू आलं नाही. खारवलेला कोळसा अनुपने बार्बेक्यूला चालेल का म्हणून विचारलं.

शुक्रवारी ऑर्टिझ परत आला. बटण दाबलं, ब्रेकर खट्कन पडला. चढवला, दाबला, पडला. तिसऱ्यांदा त्याने जगन्नाथरावांना दाबायला लावलं. मग हिरव्या कागदावर सही केली आणि तो कागद ज्ञानदाकडे न देता त्यांच्या हातात ठेवला. जगन्नाथराव गॅरेजमध्ये गेले आणि त्यांनी पुठ्ठ्याची पाटी काढली.

संध्याकाळी पाणी तापलं. लतिकाबाई सलवार-कुर्त्यात, ज्ञानदाचा हात धरून एकेक पायरी उतरल्या, गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. मग म्हणाल्या, "मला गुडघे आहेत हेच विसरायला झालं." जगन्नाथरावांना आणखी काही नको होतं.

त्यांनी फोन लावला. यवतमाळला सकाळचे साडेसहा झाले होते. सुभाषभाऊ आता एक्याऐंशीचे, पण फोन पहिल्या रिंगला उचलला. जय भीम झालं, तब्येती झाल्या. फोन पाण्यापासून हातभर लांब, स्पीकरवर ठेवून जगन्नाथरावांनी एका दमात सगळं सांगितलं: टब, खड्डा, अंगठा, ते लग्न, तो खांब. शेवटी म्हणाले, "भाऊ, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. अडतीस वर्षं राहून गेले."

पलीकडून सुभाषभाऊंचा गोंधळलेला आवाज आला. "कोणतं लग्न रे?"

जगन्नाथरावांनी पुन्हा सांगितलं. जीप, कॉलर, खुर्ची. सुभाषभाऊंना काही आठवेना. असे फोन तर रोजच यायचे, ते म्हणाले. "पावती आली नव्हती ना? मग कशी करणार चार्ज? त्यात आभार कशाचे?"

ज्या तासावर जगन्नाथरावांनी अख्खं आयुष्य उभं केलं, तो त्या माणसाच्या लक्षातही नव्हता. त्याच्यासाठी तो कामाचा एक दिवस होता. तेवढ्यात पाण्यातून लतिकाबाईंनी मान पुढे केली.

"भाऊ, मी लतिका बोलते. तुम्ही विसरलात तरी चालेल, आम्ही नाही विसरणार. तेव्हा मला सातवा महिना होता. ज्ञानदा पोटात होती."

ज्ञानदाला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. आईला धरून ती पायरीवर उभी होती, गुडघ्यापर्यंत पाण्यात. तिने एकदा बापाकडे पाहिलं, मग फोनकडे वाकली आणि म्हणाली, "काका, नमस्कार. मी ज्ञानदा."